यंत्रमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर : जीवन परिचय (आणि आमच्या अंगणातलं इंजिन)



२० जून ही लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची जयंती. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे ही तारीख आपल्या फळ्यावर कधी येतच नाही. मीसुद्धा इतकी वर्षं शिकवतोय, पण त्यांच्यावर कधी पाठ घेतला नव्हता. यंदा घेतला. त्याचं कारण आमच्या अंगणात उघडून पडलेलं एक इंजिन. आधी ती हकीकत थोडक्यात सांगतो, मग चरित्राकडे वळू.

अंगणातलं इंजिन

अर्जुनी मोरगाव म्हणजे धानाचा पट्टा. नवेगाव बांधचं तळं आणि इटियाडोह धरण याच तालुक्यात आहे, मामा तलाव आणि बोड्या तर जागोजागी. तरी ज्याची बांधी कालव्यापासून दूर त्याला पाणी उपसावंच लागतं. रोवणीच्या वेळी पावसाने दडी मारली की बोडीवर इंजिन लावायचं आणि चिखलणी उरकायची, हे आमच्याकडे ठरलेलं. आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून एक पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. गेल्या दोन हंगामांत ते निळा धूर सोडायला लागलं होतं. डिझेलपेक्षा ऑइल जास्त पितं की काय असं वाटायचं. हँडल मारून मारून खांदा दुखायचा, तेव्हा कुठे चालू व्हायचं. दोष इंजिनाचा नव्हता. एअर फिल्टर वेळेवर धुतला नाही, ऑइल बदललं नाही, ही आमचीच आळशीपणाची वर्षं.

मे महिन्यात सगळ्यांचीच इंजिनं दुरुस्तीला येतात, मिस्त्रीला फुरसत नसते. शेवटी असं ठरलं की इंजिन घरीच खोलायचं, मिस्त्री दोन संध्याकाळी येऊन मोजमाप करून देतील आणि बाकीचं काम आम्ही करायचं. मदतीला आला आमच्या शेजारचा, माझ्याच वर्गातला आठवीचा मुलगा.

या मुलाबद्दल एक गोष्ट कबूल करायला हवी. मार्च महिन्यात त्याचे वडील शाळेत येऊन भेटले होते. पोरगा सुटी झाली की गॅरेजवर जाऊन बसतो, हात काळे करून घरी येतो, अभ्यासात लक्ष नाही, तुम्ही जरा दम द्या, असं त्यांचं म्हणणं. गणितात त्याला दशांश अपूर्णांकांत फार कमी गुण होते. मी त्यांच्यासमोर त्याला चांगलाच दम दिला. तो खाली मान घालून उभा राहिला आणि गेला. तोच मुलगा मे महिन्यात आमच्या अंगणात पाने लावून नट सोडवत होता. मला थोडं अवघडल्यासारखं झालं.

काम करता करता त्याने विचारलं, की आपल्या मराठी माणसांत हे असलं लोखंडाचं काम पहिल्यांदा कोणी केलं. मी किर्लोस्करांचं नाव सांगितलं. पण त्यापुढे दोन वाक्यं सांगायची म्हटली तर मला सांगता येईनात. म्हणून मग वाचलं, आणि जे कळलं ते इथे मांडतो आहे.

जन्म आणि बालपण

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या, पाठ, शास्त्रचर्चा. मुलानेही शिकून याच वाटेने जावं, ही त्या काळातल्या कुठल्याही वडिलांची अपेक्षा असते तशी त्यांचीही होती. पण लक्ष्मणचं मन पुस्तकात रमत नसे. त्याला दोनच गोष्टींचा नाद. एक चित्रं काढणं आणि दुसरं, चालत्या वस्तू खोलून आत काय आहे ते बघणं.

आज आपल्या वर्गात असा मुलगा असला तर आपण काय म्हणतो, ते प्रत्येकाने मनातल्या मनात आठवावं. मला तर मार्च महिना आठवला.

घरात त्याच्या बाजूने उभे राहिले ते मोठे भाऊ रामूअण्णा. वडिलांच्या मनाविरुद्ध धाकट्या भावाला मुंबईला पाठवायचं आणि खर्चही आपण उचलायचा, हे त्यांनी केलं. लक्ष्मणरावांच्या पुढच्या सगळ्या आयुष्यात हा भाऊ पाठीशी आहे. चरित्र सांगताना रामूअण्णांचं नाव गाळू नका, असं मी आवर्जून सांगेन. कर्तबगार माणसाच्या मागे पुष्कळदा असा एखादा माणूस असतो, ज्याने योग्य वेळी हो म्हटलेलं असतं.

मुंबई : रंग सुटले, रेषा राहिल्या

१८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. वय सोळा. चित्रकार व्हायचं हे पक्कं. दोन वर्षं गेली आणि मग कळलं की आपल्या डोळ्यांना काही रंगांतला फरक नीट ओळखता येत नाही. त्यांना अंशतः रंगांधत्व होतं.

वडिलांशी वाद घालून आलेला, भावाच्या पैशावर शिकणारा अठरा वर्षांचा मुलगा. ज्या विद्येसाठी घर सोडलं ती विद्याच डोळे नाकारतात. घरी परत गेला असता तर कोणी दोष दिला नसता. पण रंग नाही तर नाही, रेषा तर आपल्या आहेत ना, असा विचार करून त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंगचा अभ्यास धरला. तिथे रंगांचं काम नाही. माप, प्रमाण, कोन आणि स्वच्छ रेषा एवढंच लागतं.

या रेखाटनाच्या जोरावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आपण ज्याला व्हीजेटीआय म्हणतो) सहायक शिक्षकाची नोकरी मिळाली. म्हणजे मित्रांनो, लक्ष्मणराव हे आधी आपल्यासारखे मास्तर होते! शिकवून झालं की रिकाम्या वेळात ते कारखान्यात जाऊन यंत्रांवर हात चालवत. कागदावर काढलेली वस्तू लोखंडात उतरते कशी, हे त्यांनी असं हाताने शिकून घेतलं.

पुढे बढतीची वेळ आली. हक्क लक्ष्मणरावांचा होता, पण जागा एका अँग्लो इंडियन माणसाला दिली गेली. त्या काळात असं सर्रास व्हायचं आणि लोक गप्प बसून पगार घेत राहायचे. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली.

सायकलचं दुकान

मुंबईत असताना त्यांनी एकाला सायकल चालवताना पाहिलं होतं. दोन चाकांवर माणूस पडत कसा नाही, याचंच त्या काळी नवल. १८८८ साली रामूअण्णांच्या सोबतीने बेळगावात सायकलचं छोटं दुकान निघालं. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली विकत घेऊन पाठवायच्या, रामूअण्णांनी बेळगावात त्या विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचं. दुकानावर नाव होतं किर्लोस्कर ब्रदर्स. नोकरी सुटल्यावर लक्ष्मणरावही बेळगावात येऊन याच कामाला लागले.

विद्यार्थ्यांना हा भाग फार आवडतो. आपल्या गावच्या चौकात पंक्चर काढणारं दुकान असतं, त्याच जातीच्या दुकानातून पुढे एवढा मोठा कारखाना उभा राहिला, हे ऐकून मुलं सरळ बसतात. पण शिक्षकांनी एक गोष्ट लक्षात आणून द्यावी. सायकल विकताना तिची दुरुस्ती आणि वापर शिकवणं, ही सवय त्यांना पहिल्या दुकानातच लागली. पुढे नांगर विकताना हीच सवय उपयोगी पडली.

कडबा कटर आणि लोखंडी नांगर

दुसऱ्याने बनवलेली वस्तू विकण्यात त्यांचं समाधान होणं शक्य नव्हतं. आपल्या शेतकऱ्याच्या कामाचं काहीतरी आपण बनवावं, हा ध्यास. पहिली वस्तू बनली ती कडबा कापायचं यंत्र. त्यानंतर हात घातला लोखंडी नांगराला.

आमच्या विद्यार्थ्यांना लाकडी नांगर माहीत आहे, घरोघरी पडवीत एखादा मोडका असतो. लाकडी नांगर जमीन ओरबाडतो, माती पलटवत नाही. लोखंडी नांगर खोल जातो आणि मातीचा थर उलटा करून टाकतो, त्यामुळे तण गाडलं जातं आणि जमीन भुसभुशीत होते. हे आज सोपं वाटतं. तेव्हा शेतकऱ्यांमध्ये अशी समजूत होती की लोखंडामुळे जमिनीत विष भिनतं आणि ती नापीक होते. नांगर तयार झाले आणि पडून राहिले. एक महिना नाही, दोन महिने नाही, सुमारे दोन वर्षं कोणी गिऱ्हाईक फिरकेना!

जरा विचार करा. घरातला पैसा लोखंडात अडकलेला, कामगारांचा पगार द्यायचा, आणि समोर न विकलेल्या नांगरांची रास. अशा वेळी दोन मोह होतात. एक, धंदा बंद करणं. दुसरा, शेतकरी अडाणी आहे म्हणून त्याच्यावर खापर फोडणं. लक्ष्मणरावांनी दोन्ही केलं नाही. शेतकऱ्याच्या शेतात नांगर चालवून दाखवायचा, त्याचं म्हणणं ऐकायचं आणि नांगर सुधारायचा, हा मार्ग धरला. नांगराचा जो भाग मातीवर घासतो तो फाळ. तो कठीण पाहिजे, नाही तर लवकर झिजतो. आणि नुसताच कठीण करून चालत नाही, दगड लागला की तुकडा उडतो. हे गणित जमवायला ओतकाम आलं पाहिजे, लोखंडाचा स्वभाव कळला पाहिजे. हळूहळू नांगर टिकतो, उत्पन्न वाढतं, हे लोकांच्या डोळ्यांना दिसलं आणि मागणी सुरू झाली.

माळरानावरची वाडी

काम जमत आलं आणि नवं संकट उभं राहिलं. बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती, त्यामुळे तिथून उठावं लागणार हे स्पष्ट झालं. यंत्रं आहेत, कामगार आहेत, पण पाय टेकायला जागा नाही.

त्या वेळी लक्ष्मणरावांनी औंध संस्थानात सभामंडपाचं बांधकाम अंगावर घेतलेलं होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि कलेचे मोठे जाणकार. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांनी या माणसाचं काम जवळून पाहिलं होतं. अडचण कळताच त्यांनी संस्थानातली कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचं कर्ज देऊ केलं.

जमीन कसली, माळरान होतं. निवडुंग, दगड आणि साप. पाण्याचे हाल. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन लक्ष्मणराव तिथे उतरले. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापना दिवस. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात येतं, आणि त्या स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं आहे. त्याच सुमारास दूर पूर्वेला टाटांच्या पोलाद कारखान्याभोवती जमशेदपूर वसत होतं. तिथे मोठं भांडवल होतं, इथे कर्जाचे दहा हजार होते.

मला या चरित्रात सर्वांत जास्त विचार करायला लावलं ते तिथल्या माणसांनी. त्या वाडीत कोण होतं? रामूअण्णा वसाहतीची आखणी बघत. शंभोअण्णा जांभेकर इंजिनिअर, शिवाय दवाखान्यापासून पडेल त्या कामाचे व्यवस्थापक. मंगेशराव रेगे हिशेब आणि कचेरी सांभाळत. के. के. कुलकर्णी मॅट्रिक झालेले नव्हते, तरी विक्री, कोर्टकचेरी, खजिना हे सगळं त्यांच्या हातात. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्ध्यात सोडलेली, पण नव्या यंत्राची कल्पना काढण्यात ते सर्वांत पुढे. राखणदारीला दोघं असे होते की ज्यांना दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती. लक्ष्मणरावांनी त्यांच्यावर वस्तीचा भरवसा टाकला आणि त्यांनी तो राखला.

म्हणजे ज्यांच्या प्रगतिपुस्तकावर तुम्ही-आम्ही लाल रेघ मारली असती, अशा माणसांना त्यांनी कामं दिली आणि ती कामं उभी राहिली. वाडीत शिवाशीव पाळायची नाही हा नियम होता. शंभरेक वर्षांपूर्वीच्या खेड्यात हा नियम नुसता सांगून होत नाही, रोज पाळावा लागतो, हे आपल्यासारख्या गावात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

नांगरापासून इंजिनापर्यंत

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशी नांगर येणं थांबलं, त्यामुळे देशी नांगराला मागणी आली. पण लोखंड, कोळसा, रंग काहीच धड मिळेना. आहे त्यात भागवत, पर्याय शोधत कारखाना चालू राहिला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. ऊस गाळायचे चरक, भुईमूग फोडायची यंत्रं, पंप अशी एकेक वस्तू वाढत गेली. मराठी वाचकांना ठाऊक असलेलं किर्लोस्कर मासिकही याच वाडीतलं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ते १९२० साली किर्लोस्कर खबर या नावाने सुरू केलं आणि पुढे १९३० मध्ये स्त्री मासिकही काढलं. नांगराच्या कारखान्यातून मासिकं निघाली, हे मराठीच्या शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावं.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांचा जन्म १९०३ चा. त्यांनी अमेरिकेत एमआयटी या संस्थेत यंत्रशास्त्र शिकून १९२६ साली पदवी घेतली आणि ते वाडीला परतले. वडील कारखान्यात हाताने शिकलेले, मुलगा जगातल्या नावाजलेल्या संस्थेत शिकलेला. दोन्ही शिक्षणं एका छताखाली आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ साली हरिहर इथे म्हैसूर किर्लोस्कर हा लेथ वगैरे यंत्रं बनवणारा कारखाना उभा राहिला. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. शेतकऱ्याच्या विहिरीवर, बोडीवर, पिठाच्या गिरणीत चालणारं डिझेल इंजिन देशातच मोठ्या संख्येने बनू लागलं. त्या वेळी लक्ष्मणराव ७७ वर्षांचे होते.

दोनच वर्षांनी मोठा घाव बसला. ३० जानेवारी १९४८ ला महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. अडतीस वर्षं घालून उभं केलेलं काम डोळ्यांदेखत राख झालं. आयुष्याच्या उताराला लागलेल्या माणसाने हे कसं सोसलं असेल! पण कारखाना पुन्हा बांधला गेला, भट्टी पुन्हा पेटली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. त्यांच्या जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

पुन्हा अंगणात : सिलिंडर घासतात कसा

आता परत आमच्या इंजिनाकडे. कारण लक्ष्मणरावांनी ज्या मापासाठी आणि रेषेसाठी आयुष्य दिलं, ते माप मला तिथे दिसलं.

इंजिनाचा जीव सिलिंडरमध्ये. आमच्या इंजिनाचा सिलिंडर ८० मिलिमीटर व्यासाचा आहे आणि त्यात पिस्टन ११० मिलिमीटर वर-खाली होतो. पिस्टनच्या रिंगा भिंतीला चिकटून राहिल्या तरच दाब टिकतो. १७७० च्या दशकात इंग्लंडमध्ये जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाची हीच अडचण होती. नीट गोल सिलिंडरच मिळेना आणि वाफ फटीतून निसटून जाई. जॉन विल्किन्सन याने तोफेच्या नळ्या कोरायचं यंत्र सुधारून त्यावर सिलिंडर कोरून दिले, तेव्हा कुठे वॉटचं इंजिन मार्गी लागलं. १८९७ साली जर्मनीत रुडॉल्फ डिझेलचं इंजिन यशस्वी चाललं, त्यालाही नेमका गोल सिलिंडर लागलाच. तेव्हा लक्ष्मणराव अठ्ठावीस वर्षांचे होते.

मिस्त्रींनी डायल गेज आत घालून वर, मध्ये आणि खाली, दोन-दोन दिशांनी मापं घेतली. झीज नेहमी वरच्या बाजूला जास्त असते, कारण रिंग तिथे थांबून परत फिरते, तिथे उष्णता जास्त आणि ऑइल कमी. वर आणि खाली तीन थाऊचा फरक निघाला. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, तेव्हा तीन थाऊ म्हणजे ०.०७६ मिलिमीटर. वहीच्या एका पानाची जाडी साधारण एवढीच असते! यापेक्षा फार जास्त असतं तर लायनर बदलावा लागला असता किंवा बोरिंग करून मोठ्या मापाचा पिस्टन टाकावा लागला असता. मिस्त्री म्हणाले की एवढ्यावर होनिंग करून नव्या रिंगा टाकल्या तरी चालेल.

होनिंग म्हणजे सिलिंडरची आतली भिंत घासणं. घासून घासून ती आरशासारखी चकचकीत करायची असते, असं मला वाटत होतं. उलटंच निघालं. वर्षानुवर्षं रिंग फिरून भिंत आधीच गुळगुळीत झालेली असते, म्हणून तिच्यावर ऑइल टिकत नाही आणि नव्या रिंगा तिच्याशी बसत नाहीत. घासदगड कमी वेगाच्या ड्रिलला लावून, तेल सोडत, एका लयीत वर-खाली करायचा. त्याने भिंतीवर बारीक फुल्या-फुल्यांच्या रेषा पडतात. त्या एकमेकींना साधारण ४५ ते ६० अंशांत छेदतात, आणि त्या बारीक खाचांत ऑइल थांबतं. हात हळू चालला तर रेषा आडव्या पडतात, फार घाईने चालला तर उभ्या. एका जागी थांबलं तर तिथे खड्डा. फिरता दगड पूर्ण बाहेर काढायचा नाही. मी केलं तेव्हा रेषा वाकड्यातिकड्या. त्या मुलाने ड्रिल हातात घेतलं आणि पंधरा-वीस सेकंदांत हात बसवला. कोनमापक लावून बघावं इतक्या सारख्या रेषा.

नंतर धुणं. मी डिझेलने धुतलं, फडक्याने पुसलं आणि झालं म्हणून टाकलं. त्याने जुन्या बनियनचा पांढरा तुकडा आतून फिरवला. तुकडा करडा निघाला. दगडाची बारीक भुकटी खाचांत बसलेली होती. ती तशीच राहिली असती तर नव्या रिंगा थोड्याच दिवसांत झिजून गेल्या असत्या. त्याने गरम पाणी आणि कपडे धुवायची पावडर मागितली. एकदा, दोनदा, चारदा धुतलं. संध्याकाळ होत आली होती, मला घाई होती. पण फडकं पांढरं निघेपर्यंत त्याने पुढचं काम करू दिलं नाही. मग लगेच ऑइलचा हात फिरवला, कारण धुतलेल्या कोऱ्या लोखंडाला बघता बघता गंज धरतो.

शेवटी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट मोजायची होती. दर इंच व्यासाला चार थाऊ असा मिस्त्रींचा हिशेब. मुलाने ८० मिलिमीटरचे इंच केले, ३.१५. त्याला चारने गुणलं, १२.६. मग फिलर गेजची पट्टी काढून फटीत सरकवून बघितली. कागद नाही, पेन नाही. दशांश अपूर्णांकांत ज्याला मी नापास धरलं होतं तो हाच मुलगा!

जूनमध्ये इंजिन बोडीवर लागलं. पहिले काही तास पूर्ण ताण न देता चालवलं, मग ऑइल बदललं. निळा धूर गेला. परे वाळायच्या आत बांध्यांत पाणी पोचलं.

वर्गात काय करता येईल

१. या चरित्राचा पाठ घेताना तारखा पाठ करून घेण्याऐवजी प्रसंगानुसार प्रश्न विचारा. रंग ओळखता येत नाहीत हे कळल्यावर तुम्ही काय केलं असतं? दोन वर्षं नांगर विकला गेला नाही तर? मुलं लिहितात, आणि मनापासून लिहितात.

२. निबंधासाठी विषय : मी पाहिलेली एखादी वस्तूची दुरुस्ती. सायकल, शिवणयंत्र, पंप, काहीही. कोणतं हत्यार वापरलं, त्याला गावात काय म्हणतात, हे लिहायला सांगा. भाषेला नवे शब्द मिळतात.

३. गणिताच्या तासाला दशांश शिकवताना एक वही आणि एक पट्टी घ्या. शंभर पानांची जाडी मोजा आणि शंभराने भागा. एका पानाची जाडी मुलं स्वतः काढतात.

४. भूमितीत कोन शिकवताना फुलीच्या रेषा काढून ४५ आणि ६० अंश मोजायला लावा आणि त्या कशासाठी लागतात तेही सांगा.

५. गावातल्या मिस्त्रींना एक दिवस शाळेत बोलवा. त्यांना खुर्ची द्या, चहा द्या आणि मुलांसमोर बोलू द्या.

पालकांसाठी दोन शब्द

हात काळे करणारा प्रत्येक मुलगा लक्ष्मणराव होत नाही, हे मला कळतं. आणि गॅरेजवर बसला म्हणून अभ्यास सोडावा असंही मी म्हणत नाही. लक्ष्मणरावांनी रेखाटनाचा अभ्यास नीट केला, आणि आपल्या मुलाला शिकायला सातासमुद्रापार पाठवलं. अभ्यास हवाच. पण मूल ज्या कामात स्वतःहून चार वेळा धुवायला तयार होतं, त्या कामाला उनाडकी म्हणू नये. तिथे त्याची शिस्त असते, आपल्याला ती ओळखता आली पाहिजे.

शाळा उघडल्यावर मी त्या मुलाच्या वडिलांच्या घरी गेलो. मार्चमध्ये मी चुकलो, असं त्यांना सांगितलं. मुलाच्या समोर सांगितलं, कारण दमही त्याच्या समोरच दिला होता. ते काही बोलले नाहीत, चहा पाजला. आता आमचं असं ठरलं आहे की आठवड्यातले तीन दिवस तो संध्याकाळी माझ्याकडे गणित करेल आणि रविवारी मिस्त्रींकडे जाईल. पुढे आयटीआय की अकरावी, ते दहावीनंतर त्याचं तो ठरवेल.

आपल्या वर्गातही असं एखादं मूल असेल. या वर्षी त्याच्या हातांकडे एकदा नीट बघा.